‘इन्फ्लॅमेबल’ : पेटणारे की न पेटणारे?

महामार्गावरून जाणाऱ्या पेट्रोलच्या किंवा स्वयंपाकाच्या गॅसच्या टँकरमागे मोठ्या तांबड्या अक्षरांत ‘हायली इन्फ्लॅमेबल’ असे लिहिलेले असते. शाळेत चार-सहा वर्षे इंग्रजी शिकलेला आणि त्या भाषेचे नियम जरा निष्ठेने पाळणारा वाचक या पाटीपाशी अडखळतो. ‘अ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे सक्रिय आणि ‘इनअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे निष्क्रिय. ‘व्हिजिबल’ म्हणजे दृश्य आणि ‘इन्व्हिजिबल’ म्हणजे अदृश्य. ‘करेक्ट’ म्हणजे बरोबर आणि ‘इन्करेक्ट’ म्हणजे चूक. मग ‘फ्लॅमेबल’ म्हणजे पेटणारे असेल, तर ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे असले पाहिजे. या तर्कात खोट काढायला जागा नाही. परंतु त्यावर विसंबून त्या टँकरशेजारी कुणी काडी ओढली, तर व्याकरणाचा हा नियम त्याला वाचवणार नाही.

‘फ्लॅमेबल’ आणि ‘इन्फ्लॅमेबल’ या दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच आहे : सहज पेट घेणारे, ज्वालाग्राही. दोहोंत छटेचाही फरक नाही. ठिणगी मिळाल्यावर पेटते ते ‘फ्लॅमेबल’ आणि ठिणगीवाचून आपोआप भडकते ते ‘इन्फ्लॅमेबल’, असे एक स्पष्टीकरण तोंडोतोंडी ऐकायला मिळते. दोन शब्द आहेत तेव्हा त्यांत काहीतरी भेद असणारच, या समजुतीतून ते कुणीतरी रचले असावे. कोशांत त्याला आधार नाही. ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे ‘फ्लॅमेबल’पेक्षा अधिक धोकादायक, हा समजही तसाच निराधार आहे. धोका अधिक असल्याचे सांगायचे असेल, तर त्यासाठी ‘हायली’ हे क्रियाविशेषण वेगळे जोडावे लागते. पाटीवर ते असते ते त्यासाठीच.

दोन ‘इन’, दोन कुळे

घोटाळ्याचे मूळ इंग्रजीत नसून लॅटिनमध्ये आहे. लॅटिन भाषेत ‘इन’ हा उपसर्ग एक नव्हे, दोन आहेत. उच्चार एक, लेखन एक, पण कुळे निराळी. पहिला ‘इन’ नकारार्थी. आपल्याकडील संस्कृत ‘अ’ किंवा ‘अन्’ हा त्याचा सख्खा भाऊबंद. ‘अदृश्य’मधला ‘अ’ आणि ‘इन्व्हिजिबल’मधला ‘इन’ एकाच मुळापासून निघालेले आहेत. ग्रीक ‘अन’ आणि खुद्द इंग्रजीतील ‘अन’ हेही त्याच घराण्यातले. दुसरा ‘इन’ मात्र ‘आत’, ‘मध्ये’, ‘कडे’ अशी दिशा दाखवणारा आहे आणि पुष्कळदा तो क्रियेला केवळ जोर देतो किंवा ती सुरू झाल्याचे सुचवतो. ‘इन्क्लूड’ म्हणजे आत घेणे, ‘इन्फ्लेट’ म्हणजे आत हवा भरणे, ‘इन्स्क्राइब’ म्हणजे कोरणे, ‘इन्हॅबिट’ म्हणजे वस्ती करणे. यांपैकी एकाही शब्दात नकार नाही.

पुढे येणाऱ्या अक्षरानुसार हे दोन्ही उपसर्ग आपले रूप बदलतात आणि तेही अगदी सारख्याच रीतीने. त्यामुळे ‘इल्लीगल’ म्हणजे बेकायदा, पण ‘इल्युमिनेट’ म्हणजे उजळणे. ‘इम्पॉसिबल’ म्हणजे अशक्य, पण ‘इम्पोर्ट’ म्हणजे आयात. ‘इरेग्युलर’ म्हणजे अनियमित, पण ‘इरिगेट’ म्हणजे पाणी देणे. केवळ शब्दाच्या तोंडाकडे पाहून त्याचे कूळ ओळखण्याची सोय इंग्रजीने ठेवलेली नाही.

‘इन्फ्लॅमेबल’मधला ‘इन’ हा दुसऱ्या कुळातला. लॅटिनमध्ये ‘फ्लाम्मा’ म्हणजे ज्वाळा आणि ‘इन्फ्लाम्मारे’ म्हणजे पेटवणे, ज्वाळेच्या स्वाधीन करणे. या क्रियापदापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘इन्फ्लेम’ आले. जे ‘इन्फ्लेम’ होऊ शकते ते ‘इन्फ्लॅमेबल’. म्हणजे येथे ‘फ्लॅमेबल’ या शब्दाला ‘इन’ चिकटलेला नाही. ‘इन्फ्लेम’ या शब्दाला ‘एबल’ चिकटलेला आहे. फोड ‘इन अधिक फ्लॅमेबल’ अशी न करता ‘इन्फ्लेम अधिक एबल’ अशी केली की सारा गुंता सुटतो. मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने टँकरची पाटी वाचताना आधी विग्रह करावा आणि मग काडी विझवावी, ही अपेक्षा अवाजवी आहे. पुढला सगळा इतिहास या अवाजवी अपेक्षेतूनच घडला.

‘इन्फ्लॅमेबल’ हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या आरंभापासून वापरात आहे आणि पहिली दोनशे वर्षे त्याने कुणालाही त्रास दिला नाही. त्याला प्रतिस्पर्धीच नव्हता. शास्त्रज्ञांचा तर तो आवडता शब्द होता. १७६६ साली हेन्री कॅव्हेंडिश या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाने धातूंवर आम्लाची क्रिया करून मिळणाऱ्या, चटकन पेटणाऱ्या वायूचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्या वायूला त्याने ‘इन्फ्लॅमेबल एअर’, म्हणजे पेटणारी हवा, असेच संबोधले. हाच पुढे लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या परिभाषेत ‘हायड्रोजन’, म्हणजे पाणी निर्माण करणारा, झाला. दलदलीतून निघणाऱ्या आणि आज आपण मिथेन म्हणतो त्या वायूचा अभ्यास इटलीत अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली केला. तोही त्या काळी ‘इन्फ्लॅमेबल एअर’चाच एक प्रकार मानला गेला. हायड्रोजनचे हे जुने नाव किती यथार्थ होते, हे ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे हायड्रोजनने भरलेले ‘हिंडेनबर्ग’ हे प्रचंड एअरशिप काही सेकंदांत जळून गेले, तेव्हा साऱ्या जगाने पाहिले.

‘फ्लॅमेबल’ हा शब्द त्या मानाने धाकटा. १८१३ सालच्या सुमारास तो इंग्रजीत प्रथम आढळतो आणि त्यानंतर शंभर वर्षे कोशाच्या कोपऱ्यात जवळजवळ निपचित पडून राहतो. त्याला तेथून बाहेर काढले ते साहित्यिकांनी नव्हे, वैयाकरणांनी तर नव्हेच. काढले ते आग विझवणाऱ्यांनी आणि विमा उतरवणाऱ्यांनी.

विमेदारांनी घडवलेला शब्द

विसाव्या शतकाच्या प्रारंभी पेट्रोल, रॉकेल, सेल्युलॉइड, निरनिराळी वार्निशे आणि द्रावके घरोघरी व कारखान्यांत पोहोचली. त्यांच्या पिंपांवर आणि डब्यांवर इशारे लिहिणे भाग पडले. ते वाचणारा वर्ग मात्र लॅटिन शिकलेला नव्हता. अमेरिकेत तर त्यात इंग्रजी नुकतेच शिकू लागलेल्या स्थलांतरितांचा मोठा भरणा होता. अशा वाचकाने ‘इन’चा अर्थ ‘नाही’ असा घेतला तर काय होईल, ही धास्ती अग्निसुरक्षेच्या क्षेत्रातील मंडळींना वाटू लागली. १८९६ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९२०च्या दशकात ‘इन्फ्लॅमेबल’ टाकून ‘फ्लॅमेबल’ वापरण्याचा आग्रह धरला. विमा कंपन्यांनी तो उचलून धरला. पुढे १९५३ साली अमेरिकेत कपड्यांसंबंधी कायदा झाला, तेव्हा त्याचे नावच ‘फ्लॅमेबल फॅब्रिक्स अ‍ॅक्ट’ असे ठेवण्यात आले. ब्रिटनला जरा वेळ लागला. तेथील मानक संस्थेने १९५९ साली, संदिग्धता टाळण्यासाठी ‘फ्लॅमेबल’ आणि ‘नॉन-फ्लॅमेबल’ ही जोडी वापरावी, असे धोरण जाहीर केले.

भाषेच्या अभिमान्यांना हा बदल रुचला नाही. विल्यम स्ट्रंक आणि ई. बी. व्हाइट यांची लेखनशैलीवरची छोटेखानी पुस्तिका इंग्रजी लेखकांत प्रमाण मानली जाते. तिच्यात ‘फ्लॅमेबल’ची नोंद एक विचित्र शब्द म्हणून केलेली आहे आणि त्याचा मुख्य उपयोग प्राण वाचवण्यापुरता आहे, असेही सांगितले आहे. टीका म्हणून केलेले हे विधान शब्दाला मिळालेले सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र ठरावे! प्राण वाचवण्याहून मोठे काम एखाद्या विशेषणाकडून करून घ्यायचे तरी कोणते?

याच संदर्भात बेंजामिन ली व्होर्फ या गृहस्थांची आठवण होते. भाषा आणि विचार यांच्या संबंधाविषयीच्या सिद्धान्तामुळे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते परिचित आहेत. पण त्यांचा चरितार्थ चालत होता तो अग्निविमा कंपनीतील नोकरीवर. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतलेले व्होर्फ १९१९ साली हार्टफर्डच्या विमा कंपनीत आग-प्रतिबंधाचे काम पाहू लागले आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. आगीच्या शेकडो अहवालांची छाननी करताना त्यांच्या ध्यानात आले, की पुष्कळशा आगींचे कारण केवळ तारा, भट्ट्या किंवा नळ यांत सापडत नाही. ते माणसांनी त्या वस्तूंना दिलेल्या नावांत सापडते. त्यांनी दिलेले सुप्रसिद्ध उदाहरण रिकाम्या पिंपांचे आहे. पेट्रोलने भरलेल्या पिंपांच्या आसपास कामगार जपून वागत. ‘रिकामी’ असा शिक्का बसलेल्या पिंपांजवळ मात्र ते निर्धास्तपणे विड्या ओढत. वस्तुतः भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी असते. रिकाम्या पिंपात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे स्फोटक मिश्रण असते. धोका रिकाम्यात अधिक. ‘रिकामे’ या निरुपद्रवी विशेषणाने तो झाकून टाकला होता. भंगारात आलेली पिंपे गॅसने कापताना किंवा त्यांना वेल्डिंग करताना आपल्याकडे जे स्फोट होतात, त्यांच्यामागे हेच ‘रिकामेपण’ असते.

मराठीचेही असेच

इंग्रजीच्या या गोंधळाला हसण्यापूर्वी मराठीकडे थोडे पाहिलेले बरे. ‘चपळ’ म्हणजे चंचल, तर ‘अचपळ’ म्हणजे स्थिर असायला हवे. प्रत्यक्षात ‘अचपळ’ म्हणजे अतिशय चंचल, क्षणभरही एका जागी न ठरणारे. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत मनाला लावलेले हे विशेषण याच अर्थाने आले आहे. ‘घोर’ म्हणजे भयंकर; संस्कृतात ‘अघोर’ म्हणजे भयंकर नसलेला, सौम्य, आणि म्हणूनच ते शंकराचे एक नाव. मराठीत मात्र ‘अघोर पातक’ म्हणजे भयंकर पातक आणि ‘अघोरी उपाय’ म्हणजे कुणाच्याही अंगावर काटा आणणारा उपाय. येथे नकाराचा ‘अ’ उघड दिसत असूनही त्याचा नकार कुठल्या कुठे विरून गेला आहे. ‘अमूल्य’ची तऱ्हा आणखी निराळी. त्यात ‘अ’ नकारार्थीच आहे. पण नकार किमतीचा नसून किंमत करण्याच्या शक्यतेचा आहे. ज्याचे मोल होऊच शकत नाही ते अमूल्य, आणि ज्याला मोलच नाही ते कवडीमोल. इंग्रजीत ‘व्हॅल्युएबल’ आणि ‘इन्व्हॅल्युएबल’ यांचे नाते नेमके असेच आहे. ‘इन्व्हॅल्युएबल’ म्हणजे बिनमोलाचे असे समजणारा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत गुण गमावतो तो यामुळेच.

फरक इतकाच, की ‘अचपळ’चा अर्थ चुकीचा लावल्याने कुणाचे घर जळत नाही.

‘इन्फ्लॅमेबल’च्या अगदी जवळचा इंग्रजी सोबती म्हणजे ‘इन्हॅबिटेबल’. ‘हॅबिटेबल’ म्हणजे राहण्यायोग्य आणि ‘इन्हॅबिटेबल’ म्हणजेही राहण्यायोग्यच, कारण त्याची फोडही ‘इन्हॅबिट अधिक एबल’ अशी आहे. जेथे राहणे शक्य नाही ते ‘अनइन्हॅबिटेबल’. गंमत अशी, की शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीत ‘इन्हॅबिटेबल’ हा शब्द ‘राहण्यास अयोग्य’ या उलट अर्थानेही वापरला जाई आणि त्याच्या ‘रिचर्ड दुसरा’ या नाटकात तो तसा आला आहे. फ्रेंचमध्ये त्याचा तो नकारार्थ आजही कायम आहे.

कायद्याच्या पुस्तकात

भारतात इंग्रजी आली ती ब्रिटनमार्गे, आणि सरकारी इंग्रजी तर जुन्या वळणाची. त्यामुळे ‘फ्लॅमेबल’चा आग्रह अमेरिकेत सुरू होऊन पाव शतक लोटले, तरी १९५२ साली आपल्या संसदेने असे पदार्थ धोकादायक घोषित करून त्यांची आयात, वाहतूक, साठवण आणि उत्पादन यांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, तेव्हा त्याचे नाव ‘इन्फ्लॅमेबल सब्स्टन्सेस अ‍ॅक्ट’ असेच ठेवण्यात आले. आपल्याकडील पाट्यांवर, रेल्वेच्या सूचनांत आणि स्पिरिटच्या बाटल्यांवर हा जुना शब्द टिकून राहिला त्याचे कारण या परंपरेत आहे. रेल्वेच्या डब्यात रॉकेल, फटाके, गॅसचे सिलिंडर नेऊ नयेत, हे सांगताना मराठी उद्घोषणेत ‘ज्वालाग्राही’ शब्द येतो आणि इंग्रजी उद्घोषणेत ‘इन्फ्लॅमेबल’. मराठी ऐकणाऱ्याला तेथे शंका उरत नाही. ‘ज्वाला ग्रहण करणारा’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे.

या विशेषणाने कायद्यात घडवलेला एक चमत्कार चित्रपटसृष्टीशी निगडित आहे. सुरुवातीच्या काळातील फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तिला आग लागली की विझवणे जवळजवळ अशक्य. जळताना लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्याखाली बुडवली तरी जळत राहते. ब्रिटनमध्ये १९०९ साली झालेला सिनेमॅटोग्राफ कायदा मुळात आगीपासून संरक्षणासाठी होता आणि तो लागू होण्याची अट होती ‘इन्फ्लॅमेबल’ फिल्मचा वापर ही. परवाना देण्याचा अधिकार या अटीखाली हाती आल्यावर स्थानिक अधिकाऱ्यांनी तो चित्रपटात काय दाखवावे आणि काय दाखवू नये, यासाठीही वापरायला सुरुवात केली. ब्रिटनमधील चित्रपट परिनिरीक्षणाची वाट अशी एका ज्वालाग्राही विशेषणातून निघाली. पुढे न भडकणारी ‘सेफ्टी फिल्म’ आली, तेव्हा ती या कायद्याच्या कक्षेत येते की नाही, हा वादाचा विषय होऊन बसला.

नायट्रेट फिल्मचा हा गुणधर्म महाराष्ट्राला फार महागात पडला आहे. पुण्यात २००३ सालच्या जानेवारीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारांना आग लागली आणि मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या अनेक प्रती नष्ट झाल्या. त्यांत प्रभातच्या चित्रपटांचाही समावेश होता.

‘फ्लॅमेबल’ आणि ‘कम्बस्टिबल’

ज्वालाग्राही शब्दांच्या या कुटुंबात ‘कम्बस्टिबल’ हे तिसरे विशेषण आहे. सामान्य बोलण्यात त्याचा अर्थ जळू शकणारे एवढाच. लाकूड, कागद, कोळसा, कापूस हे सारे ‘कम्बस्टिबल’. प्रत्येक ‘फ्लॅमेबल’ वस्तू ‘कम्बस्टिबल’ असते. प्रत्येक ‘कम्बस्टिबल’ वस्तू ‘फ्लॅमेबल’ असेलच असे नाही. सागाचा ओंडका जळतो खरा, पण तो पेटवायला खटपट करावी लागते. पेट्रोल तशी खटपट करू देत नाही. भारतीय दंड संहितेच्या २८५व्या कलमात आगीच्या आणि ‘कम्बस्टिबल’ वस्तूंच्या बाबतीतील निष्काळजीपणा हा गुन्हा ठरवला होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो २८७व्या कलमात आला असून शब्द तोच राहिला आहे. कायद्याने येथे व्यापक शब्द निवडला, हे योग्यच. कापसाच्या गाठी ‘फ्लॅमेबल’ द्रवांच्या यादीत बसत नाहीत. पण १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई बंदरात ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र होती, तेव्हा काय झाले, हे सर्वश्रुत आहे. त्या दिवशी प्राण गमावलेल्या अग्निशामकांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

द्रवपदार्थांच्या बाबतीत या विशेषणांची सीमारेषा थर्मामीटरने आखलेली असते. द्रव स्वतः जळत नाही. जळते ती त्याची वाफ. ज्या किमान तापमानाला द्रवाच्या पृष्ठभागावर ज्योतीने पेटण्याइतकी वाफ जमा होते, त्याला ‘फ्लॅश पॉइंट’ म्हणजे प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्रातच काय, लडाखच्या थंडीतही ते पेट घ्यायला तयार असते. आपल्याकडील १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात याच मोजमापाने तीन वर्ग केलेले आहेत : २३ अंशांखाली प्रज्वलनांक असलेले ‘अ’ वर्गातले, २३ ते ६५ अंशांमधले ‘ब’ वर्गातले आणि ६५ ते ९३ अंशांमधले ‘क’ वर्गातले. पेट्रोल पहिल्या वर्गात, रॉकेल आणि डिझेल दुसऱ्यात. काही देशांच्या नियमांत कमी प्रज्वलनांकाच्या द्रवांना ‘फ्लॅमेबल’ आणि अधिक प्रज्वलनांकाच्या द्रवांना ‘कम्बस्टिबल’ म्हणण्याची प्रथा आहे. तेथे ही दोन विशेषणे एकमेकांच्या जागी वापरणे ही भाषेची नव्हे, नियमभंगाची चूक ठरते.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते आणि दूरच्या कोपऱ्यातील देवापुढची समईही तिला पुरते. स्वयंपाकाचा गॅसही हवेहून जड असतो. तो मुळात गंधहीन. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. घरात वास आल्यावर दिव्याचे बटण दाबू नये, असे सांगितले जाते ते बटणातील बारीकशी ठिणगीही पुरेशी असते म्हणून. सिलिंडर आणि शेगडी सोडली, तरी घरात ही विशेषणे पुष्कळ ठिकाणी छापलेली सापडतात. नखांचा रंग पुसण्याचे द्रावण, सुगंधाचे फवारे, डासांवर मारायचे फवारे आणि २०२० सालच्या साथीनंतर घरोघर पोहोचलेले अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर या सर्वांवर बारीक टंकात ‘फ्लॅमेबल’ किंवा ‘इन्फ्लॅमेबल’ लिहिलेले असते. एकाच फडताळातील दोन बाटल्यांपैकी एकीवर एक शब्द आणि दुसरीवर दुसरा, असेही दिसते. अशा वेळी ‘इन’ असलेली बाटली सुरक्षित समजून देव्हाऱ्याशेजारी किंवा शेगडीजवळ ठेवणे, हा या साऱ्या चर्चेतील सर्वांत खरा धोका आहे.

भडकणारे आणि भडकवणारे

‘इन्फ्लॅमेबल’ची ‘इन्फ्लॅमेटरी’शी गल्लत करणेही टाळावे लागते. पहिले भडकणारे, दुसरे भडकवणारे. पेट्रोल ‘इन्फ्लॅमेबल’ असते. जमावापुढील चिथावणीखोर भाषण ‘इन्फ्लॅमेटरी’ असते. मराठीत त्याला ‘प्रक्षोभक’ हा रुळलेला प्रतिशब्द आहे आणि बोलीत त्याहून चपखल ‘आगलावे’. ‘इन्फ्लॅमेबल स्पीच’ असे लिहिले, तर त्या भाषणाचा कागद चटकन पेटतो असा काहीसा अर्थ निघेल. उलट एखाद्या माणसाचा स्वभाव ‘इन्फ्लॅमेबल’ असू शकतो. म्हणजे तो शीघ्रकोपी आहे, जरा कुणी काडी लावली की भडकतो. काडी लावणारा तो ‘इन्फ्लॅमेटरी’.

वैद्यकात मात्र ‘इन्फ्लॅमेटरी’चा अर्थ आणखी वेगळा होतो. शरीराचा एखादा भाग लाल होतो, सुजतो, गरम लागतो आणि दुखतो, त्या अवस्थेला ‘इन्फ्लॅमेशन’ म्हणतात. ही चार लक्षणे पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने नोंदवून ठेवली आहेत. त्या भागात जणू आग पेटली आहे, ही कल्पना त्या नावामागे आहे आणि मराठीतील ‘दाह’ याही शब्दामागे तीच आहे. ‘अँटी-इन्फ्लॅमेटरी’ औषध म्हणजे दाह शमवणारे औषध. ते आग-प्रतिबंधक नव्हे. सुजलेला, लालबुंद झालेला अवयव ‘इन्फ्लेम्ड’ असतो. त्याला ‘इन्फ्लॅमेबल’ म्हटल्यास रोग्याचे नातेवाईक विनाकारण घाबरतील.

शुद्धलेखनातील एक खाच येथेच सांगितली पाहिजे. ‘फ्लेम’ आणि ‘इन्फ्लेम’ यांत ‘एम’ हे अक्षर एकदाच येते. ‘फ्लॅमेबल’ हा उच्चार असलेल्या आणि ‘इन्फ्लॅमेशन’, ‘इन्फ्लॅमेटरी’ या शब्दांत ते दोनदा येते, कारण ते सरळ लॅटिन ‘फ्लाम्मा’च्या वळणावर गेले आहेत. उच्चारही त्यामुळेच ‘फ्ले’ऐवजी ‘फ्लॅ’ असा आखूड होतो.

विरुद्धार्थी शब्दांचे काय? ‘इन्फ्लॅमेबल’च्या उलट ‘नॉन-इन्फ्लॅमेबल’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ‘नॉन’ आणि ‘इन’ हे दोन शेजारी उभे राहिले, की वाचणारा दोन नकारांची गोळाबेरीज करू लागतो. म्हणून ‘नॉन-फ्लॅमेबल’ हाच निर्विवाद पर्याय. ‘फायरप्रूफ’ आणि ‘फायर-रिटार्डंट’ हे याचे समानार्थी नव्हेत. पडद्याचे कापड ‘फायर-रिटार्डंट’ आहे याचा अर्थ ते पेटायला वेळ लावते आणि ज्वाळा पसरू देण्यास विरोध करते. ते जळणारच नाही असे आश्वासन त्यात नाही. सभागृहासाठी पडदे घेणाऱ्याने हा भेद विक्रेत्याकडून लेखी समजून घेणे चांगले.

मराठीत या क्षेत्रासाठी शब्दांची वाण नाही. ‘ज्वालाग्राही’ हा ‘फ्लॅमेबल’ला सर्वांत जवळचा. ‘ज्वलनशील’ अधिक रूढ. पण त्यातला ‘शील’ म्हणजे स्वभाव एवढेच सांगतो, तत्परता सांगत नाही, आणि म्हणून पाट्यांवर त्याला ‘अति’ जोडावे लागते. ‘दहनशील’ किंवा ‘दाह्य’ हे ‘कम्बस्टिबल’साठी ठीक. ‘अग्निरोधक’ आणि ‘अज्वलनशील’ यांची मात्र जाहिरातींत सर्रास अदलाबदल होते. कामगारांसाठी लिहावयाच्या पाटीवर तत्सम शब्दांपेक्षा ‘लगेच पेटते’ किंवा ‘आग धरते’ हे दोन शब्द अधिक उपयोगाचे ठरतील. पाटीचे काम भाषेचे वैभव दाखवणे हे नसते.

मग वापरावा कोणता? ज्या लेखनावर कुणाची सुरक्षितता अवलंबून आहे, त्यात ‘फ्लॅमेबल’च लिहावे. वाहतूक आणि रसायने यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनीही तोच शब्द स्वीकारला आहे आणि सोबत ज्योतीचे चित्र अनिवार्य केले आहे, जेणेकरून अक्षरओळख नसलेल्यालाही इशारा पोहोचावा. ललित लेखनात, स्वभाववर्णनात किंवा जुन्या कायद्यांचा उल्लेख करताना ‘इन्फ्लॅमेबल’ खुशाल वापरावा. तो अशुद्ध नाही, उलट वयाने मोठा आहे. वाचताना मात्र निवड करण्याचा प्रश्न नसतो. दोहोंपैकी कोणताही शब्द दिसला तरी ज्योत दूर न्यायची.

कॅनडात या दोन शब्दांना शेजारी नांदवण्याची वेळ आली आहे. तेथे इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांत इशारे छापणे बंधनकारक आहे. फ्रेंचमध्ये पेटणाऱ्या वस्तूला पूर्वापार ‘अँफ्लामाब्ल’ म्हणतात आणि त्याची अक्षरे इंग्रजी ‘इन्फ्लॅमेबल’शी तंतोतंत जुळतात, न पेटणाऱ्या वस्तूसाठी फ्रेंच माणूस त्यापुढे आणखी एक ‘इन’ लावतो. त्यामुळे कॅनडात विकत घेतलेल्या थिनरच्या डब्यावर एका ओळीत ‘फ्लॅमेबल’ आणि तिच्याखालच्या ओळीत ‘इन्फ्लॅमेबल’ अशी दोन्ही विशेषणे छापलेली असतात, आणि त्यांच्या मध्ये एक ज्योत काढलेली असते.